यादीची मागची बाजू

माझ्या धाकट्या आत्याची ट्रंक गेल्या दिवाळीत उघडली. आत्या जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. ट्रंकेत फारसं काही नव्हतं. दोन इरकली साड्या, पंढरपूरचा बुक्का, एसटीच्या पासाचा जुना फोटो, आणि तळाशी, पेपरच्या घडीत, तिच्या लग्नाची याद.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे लग्न ठरलं की दोन्ही बाजूंची वडीलमंडळी बसायची आणि देण्याघेण्याचा कागद करायची. मुलीच्या अंगावर किती सोनं, मुलाला काय, मानपान कोणाचा किती. कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं. ती ‘याद’. लग्नात खर्च टाळून लगेच अक्षता टाकल्या तर त्याला ‘यादी पे शादी’ म्हणतात, ती हीच यादी.

आत्याची याद १९६६ सालची. आजोबांचं मोडीवळणाचं बाळबोध अक्षर. पाटल्या जोड एक, चार तोळे. बांगड्या चार, चार तोळे. एकदाणी, एक तोळा. बोरमाळ, दीड तोळे. कर्णफुलं, अंगठी. खाली सह्या.

मी कागद उलटा केला आणि पाहतच राहिले. मागच्या बाजूला आत्याने पेन्सिलीने चार रकाने आखले होते. काय गेलं, कधी गेलं, काय म्हणून गेलं, आणि परत. 

चौथा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

* * *

आत्या आमच्याकडे आली ती १९७८ च्या दिवाळीनंतर, धडगावला. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि त्यांची बदली तिथे झाली होती. धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्याचं गाव. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. खाली तापी, वर नर्मदा, मधे सातपुडा, आणि सातपुड्याच्या पोटात उदई नदीकाठी हे गाव. शहाद्याहून म्हसावदमार्गे घाट चढून एसटी यायची. पावसाळ्यात ती आलीच नाही तरी कोणी आश्चर्य करत नसे.

त्या एसटीतून आत्या उतरली. हातात ही ट्रंक. गळ्यात काळी पोत, हातात काचेच्या बांगड्या. आई एवढंच म्हणाली, “वन्सं, दमला असाल, आधी चहा घ्या.” मी नऊ वर्षांची होते. मला वाटलं आत्या चार दिवस राहायला आली. ती पुढे सेहेचाळीस वर्षं आमच्यातच राहिली.

काय झालं होतं ते मला पुष्कळ नंतर, तेही तुकड्यातुकड्याने कळलं. काकांचा एका शहरात धंदा होता. त्यांना दर दोनतीन वर्षांनी अडचण यायची. अडचण आली की एक दागिना जायचा. “दोन महिन्यांत सोडवून आणतो.” आत्या द्यायची. नवऱ्याला नाही म्हणायचं तरी कसं? आणि ते भांडून मागत नसत, गोड बोलून मागत.

मग एकदा ती पोत ओवून घ्यायला सोनाराकडे गेली. सुवर्ण नियंत्रण कायद्याचे ते दिवस. हा कायदा १९६८ चा, १९९० ला रद्द झाला. सोनाराला आल्यागेल्या सोन्याचा हिशोब वहीत ठेवावा लागायचा. आत्याने सहज विचारलं, आमच्या पाटल्या गहाण आहेत ना तुमच्याकडे, व्याज किती झालं? सोनाराने वही उघडली आणि म्हणाला, “गहाण कुठे वहिनी? साहेबांनी दोन वर्षांमागेच मोडल्या. त्याच सोन्याच्या नव्या करून नेल्या. दोन-चारच्या.”

आत्याचं माप दोन-सहा होतं.

बस्स. एवढ्यावरून तिला सगळं कळलं. दुसऱ्या गल्लीतलं दुसरं घर, उशिरा येणं, ‘वसुलीला’ बाहेरगावी राहणं, सगळं. मी पुष्कळदा विचार करते, बाईला फसवणुकीचा पुरावा मिळावा तो मनगटाच्या मापात! ती घरी आली, दोन दिवस स्वयंपाक केला, तिसऱ्या दिवशी ट्रंक भरली.

* * *

हे मी आज का लिहिते? एक तर याद सापडली म्हणून. दुसरं, आत्याला तेव्हा कायद्याने काय मिळालं असतं हे मला बघायचं होतं. इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय, निवृत्तीनंतर वेळही आहे. शोधत शोधत मी फार मागे गेले. ते थोडक्यात सांगते, कंटाळा करू नका.

स्त्रीधन हा शब्द आपल्याला धर्मशास्त्राने दिला. लग्नात अग्नीसमोर मिळालेलं, सासरी जाताना मिळालेलं, आईबाप-भावांनी प्रेमाने दिलेलं, ते तिचं. याज्ञवल्क्य स्मृतीत मात्र एक खिडकी ठेवलेली आहे. दुष्काळात, अत्यावश्यक धर्मकार्यासाठी, आजारपणात, किंवा अटकेत सापडल्यावर नवऱ्याने बायकोचं धन घेतलं तर ते परत करायला तो बांधलेला नाही. कारणं चारच, आणि चारही संकटाची.

आता आत्याचा तिसरा रकाना बघा. ‘मशीन घ्यायला.’ ‘लायसनसाठी.’ ‘धाकट्या दिरांचं आजारपण.’ ‘माल अडकला, जप्ती येईल.’ काकांनी याज्ञवल्क्य वाचला असेल असं मला वाटत नाही. पण खिडकी कुठे आहे ते त्यांना नेमकं माहीत होतं. आजारपण आणि जप्ती म्हटलं की कुठल्या बाईची मूठ मिटलेली राहील?

याज्ञवल्क्यापेक्षा मला भावला तो कात्यायन. त्याची स्मृती आज अखंड मिळत नाही. इतर ग्रंथांत तिची वचनं विखुरलेली होती. ती गोळा करून लावली महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी, १९३३ मध्ये. (आपल्या रत्नागिरी भागातले हे काणे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड लिहिणारे, १९६३ चे भारतरत्न.) हा कात्यायन साधारण चौथ्या ते सहाव्या शतकातला मानतात. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत असं, की नवऱ्याला दुसरी बायको असेल आणि तो पहिलीला विचारत नसेल, तर तिने प्रेमाने आपण होऊन दिलेलं धनसुद्धा त्याच्याकडून जबरदस्तीने परत करवावं.

मी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. दीड हजार वर्षांपूर्वी कोणालातरी हे दिसलं होतं, की पैशाची फसवणूक आणि दुसरं घर हे दोन वेगळे अपराध नाहीत, एकाच वहीची दोन पानं आहेत. ‘प्रेमाने दिलेलं’ हे त्याने मुद्दाम म्हटलंय. कारण फसवणूक होते ती प्रेमाने दिलेल्याचीच. हिसकावून नेलं तर त्याला चोरी म्हणतात.

अर्थात पोथीत असणं वेगळं आणि पदरात पडणं वेगळं. पोथी वाचणारे पुरुष, निवाडा देणारे पुरुष, आणि बाईला घराबाहेर पडायची चोरी.

* * *

मग इंग्रज आले, कोर्टं आली. इथे रखमाबाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बहुतेकांना ती बालविवाहाची गोष्ट म्हणून माहीत आहे. पण तिच्यात पैसा केवढा आहे हे मला आत्ता कळलं.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग ती लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे जे. जे.शी संबंधित नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ, मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. सुतार समाजात विधवेचा पुनर्विवाह चालत असे. लग्नाआधी आईने पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर केली. म्हणजे ही अकरा वर्षांची नवरी मालमत्तेची धनीण होती!

नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. लग्नानंतर रखमाबाई सावत्र वडिलांकडेच राहिल्या. दादाजीने शिकून उभं राहावं असं ठरलं होतं, ते झालं नाही. तो मामाकडे, नारायण धुर्माजींकडे, राहू लागला, आजारी पडला, कर्जं झाली. आणि १८८४ मध्ये त्याने हायकोर्टात दावा लावला, माझी बायको मला द्या. बायकोबरोबर तिची मालमत्ता घरात येईल आणि कर्ज फिटेल हा हिशोब त्यामागे होता, असं रखमाबाईंच्या बाजूचं म्हणणं होतं.

२१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल.

गंमत बघा. ‘नांदायला आण’ हा दावा मुळात आपल्या धर्मशास्त्रातला नव्हेच. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून आलेला. आणि असा हुकूम मोडला म्हणून तुरुंगात टाकणं खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये, म्हणजे दादाजीने दावा लावला त्याच वर्षी, बंद केलं. तिथे १८८२ पासून विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता ठेवायचा हक्कही होता. आपल्याकडे हा तुरुंग कायद्यातून गेला १९२३ ला.

रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीला दोन हजार रुपये मिळाले आणि त्याने हक्क सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटला दवाखान्यात आयुष्य घालवलं, १९५५ मध्ये वारल्या. पुन्हा लग्न केलं नाही.

दोन हजार रुपये. रक्कम वाचून मला धडगाव आठवलं.

* * *

धडगावला आमच्या भाड्याच्या घरामागे एक पावरा बाई लाकडं, कधी मोहाची फुलं, कधी कोंबडी विकायला यायची. गळ्यात चांदी, पायात चांदी. आत्याची आणि तिची कशी कोण जाणे गट्टी जमली. अर्धी पावरी, अर्धी अहिराणी, उरलेले हातवारे. आत्याने तिला एकदा आपली कथा सांगितली. ती नीट ऐकून घेऊन म्हणाली, मग तुझ्या बापाने पंच का नाही बसवले?

मग तिने काहीतरी विचारलं आणि आत्या हसायला लागली. धडगावात आल्यावर ती पहिल्यांदा हसली, म्हणून मला ते लक्षात राहिलंय. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आत्या म्हणाली, “ही विचारतेय, तुमच्यात मुलगी देतात आणि वर सोनंही देतात? मग त्या लोकांनी दिलं काय?”

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांमध्ये उलटं आहे. मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. द्यायला नसलं तर मुलगा घरजावई राहून सासऱ्याच्या शेतात राबतो. बाई नवऱ्याला सोडून दुसऱ्याकडे गेली तर पाटील, कारभारी, दोन्हीकडची जाणती माणसं बसतात आणि नव्या नवऱ्याने जुन्याला काय भरून द्यायचं ते ठरवतात. रक्कम ठरते, पैसे मोजले जातात, प्रकरण मिटतं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना मुळात लागूच नाही, कलम २ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. तिथे रूढीच कायदा.

म्हणजे हायकोर्टात चार वर्षं भांडून, विलायतेपर्यंत गाजावाजा होऊन, रखमाबाई शेवटी जिथे पोचल्या ती जागा अक्राणीच्या डोंगरात आधीच होती. पैसे मोजा, मोकळे व्हा.

पण थांबा, मी काही डोंगरावरच्या लोकांचा खोटा गोडवा गाणार नाही. देज बापाच्या हातात पडतो, मुलीच्या नाही. भरपाई जुन्या नवऱ्याला मिळते. जिच्यावरून बैठक बसली तिच्या हातावर शेवटी काय? बैठकीत बोलणारेही पुरुषच. आणि देज फेडायला काढलेलं कर्ज तिच्याच संसारातून, गुजरातेत ऊस तोडायला जाऊन फिटतं. दोन बायका करायलाही रूढीची आडकाठी नव्हती. त्या लाकडंवाल्या बाईलाही सवत होती, हे आत्याला पुढे कळलं. तेव्हा ‘त्यांच्यात बरं’ असं मी म्हणणार नाही.

एक फरक मात्र होता, आणि तो आत्याने बरोबर पकडला. ती म्हणायची, “त्यांच्यात हिशोब मोठ्याने होतो. आपल्यात हिशोब काढला की बाई वाईट.”

* * *

आता आत्याला तेव्हा कायद्याने काय दिलं असतं ते बघू. १९७९ मध्ये बाबा तिला शहाद्याला एका वकिलांकडे घेऊन गेले होते, हे आईने मला सांगितलंय. वकिलांनी काय सांगितलं असेल, ते कायद्याचं पुस्तक उघडून मी जुळवलं.

पहिली गोष्ट व्यभिचाराची फिर्याद. दंडविधानाचं कलम ४९७, १८६० चं. त्यात गुन्हा असा, की दुसऱ्याच्या बायकोशी त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवला. तक्रार करायची तर त्या दुसऱ्या नवऱ्याने. स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध बायकोला तक्रारच नाही! आणि दोन-चारच्या पाटल्या घालणारी ती बाई विधवा होती. म्हणजे कोणाच्याच मालमत्तेवर अतिक्रमण झालं नव्हतं, त्यामुळे गुन्हाच नाही. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं. बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आत्या शेंगा सोलत होती. म्हणाली, “जाऊ दे. माझ्या काय कामाचं होतं ते?”

दुसरी गोष्ट द्विभार्येची. या बाबतीत मुंबई इलाखा पुढे होता. हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला बंदी करणारा कायदा इथे १९४६ मध्येच झाला. १९५१ मध्ये तो मुंबई हायकोर्टात आव्हानाला टिकला, न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांच्यापुढे. १९५५ पासून देशभर बंदी. पण महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १९६५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दुसरं लग्न होम आणि सप्तपदीसह रीतसर लागल्याचं सिद्ध झालं नाही, तर तो गुन्हा नाही. म्हणजे दुसरं लग्न जितकं अर्धवट लावाल तितके तुम्ही सुरक्षित. काकांनी तर तेही लावलं नव्हतं. नुसतं घर केलं होतं.

तिसरी गोष्ट सोन्याची. इथे मात्र काहीतरी होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईची मालमत्ता पूर्णपणे तिची झाली होती. दिवाणी दावा करता आला असता. पुरावा? याद होती, सोनाराची वही होती. नवरा हा स्त्रीधनाचा फक्त सांभाळणारा आहे, त्याने ते लाटलं तर फौजदारी विश्वासघात होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये निःसंदिग्ध सांगितलं. म्हणजे सात वर्षं उशीर. २००६ च्या ऑक्टोबरात कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू झाला. त्यात बायकोचं स्त्रीधन परस्पर विकणं हा आर्थिक छळ म्हणून लिहिला गेला. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा एका बाईला लग्नातल्या सोन्यापोटी पंचवीस लाख रुपये द्यायला लावताना न्यायालयाने तेच सांगितलं, की अडचणीत नवरा ते वापरू शकेल, पण परत करणं हे त्याचं कर्तव्य.

परत. आत्याचा चौथा रकाना.

इतिहासाची शिक्षिका म्हणून मला हा प्रवास नोंदवावासा वाटतो. ज्या दुसऱ्या बाईला नवऱ्याने पहिलं लग्न लपवून फसवलं, तिलासुद्धा १९८८ मध्ये न्यायालयाने पोटगी नाकारली होती, आणि २०१३ मध्ये, तीही महाराष्ट्रातलीच बाई, तिला दिली. पंचवीस वर्षं लागली हे कळायला, की फसवणाऱ्याला त्याच्याच लबाडीचा फायदा देता येत नाही. कायदा चालतो, पण बैलगाडीने. आयुष्य एसटीने निघून जातं.

* * *

तर मग १९७९ ला दिवाणी दावा का झाला नाही?

आजवर मला उत्तर माहीत होतं. आजोबा म्हणाले होते, झाकली मूठ सव्वा लाखाची. धाकट्या काकाचं लग्न व्हायचं होतं. कोर्टात गेलं तर घराण्याचं नाव. हे उत्तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे आणि आम्ही ते जरा नाराजीने, पण समजूतदारपणे सांगतो. ‘काळच तसा होता.’

यादीच्या मागच्या बाजूला सहा नोंदी आहेत. पाच काकांच्या. शेवटची, १९७८ ची, कर्णफुलं. त्याखाली थोडी जागा सोडून सहावी.

‘बोरमाळ. १९८१. दादा. शहाद्याचा प्लॉट.’

परतच्या रकान्यात काही नाही.

दादा म्हणजे माझे बाबा. तो एकच दागिना आत्याने सासरहून वाचवून आणला होता. परकराच्या नेफ्यात शिवून आणला होता, असं आई सांगायची. त्याचं पुढे काय झालं हे आईने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. शहाद्याच्या प्लॉटवर घर झालं. त्या घरात आम्ही तिघं भावंडं वाढलो, तिघांची लग्नं झाली. आत्या मागच्या खोलीत राहिली. स्वयंपाक केला, आमची मुलं सांभाळली. २०११ मध्ये घर विकलं तेव्हा पैशाचे तीन वाटे झाले. तीन. आत्याचं नावसुद्धा निघालं नाही, कारण ती काय, घरचीच.

बाबा वाईट नव्हते. बहिणीला त्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं, एक शब्द लागेल असं बोलले नाहीत. तीच खरी पंचाईत आहे. काकांना नावं ठेवणं सोपं होतं. काकांनी गोड बोलून घेतलं आणि परत केलं नाही. बाबांनी काय वेगळं केलं? दुसरं घर केलं नाही, हे खरं. पण तिचं सोनं घेऊन जे घर केलं ते आमचं. तिचं नाही.

कात्यायनाचं आणखी एक वचन काण्यांनी दिलंय. ते मी आधी मुद्दाम सांगितलं नाही. स्त्रीधन घेण्याचा किंवा खर्चण्याचा अधिकार नवऱ्याला नाही, मुलाला नाही, बापाला नाही, आणि भावांनाही नाही. भाऊ त्याने नाव घेऊन सांगितलेत. मला वाटतं, त्यालाही अशी कोणीतरी आत्या असावी.

* * *

माझ्या भावांनी हे वाचलं की मला फोन येणार हे मला माहीत आहे. “हे चारचौघांत लिहायची काय गरज होती ताई?” गरज होती. घरात काढलं असतं तर आपण पुन्हा मूठ झाकली असती. आत्याने सेहेचाळीस वर्षं हा कागद जपला आणि एकदाही आपल्यापुढे धरला नाही. तिने नोंद केली, मागणी केली नाही. मागणी करायला ती कोणाकडे जाणार होती? मागून खायची जागा तीच होती.

येत्या वैशाखात धाकट्याच्या मुलीचं लग्न आहे. आता याद करत नाहीत, सगळं फोनवर ठरतं. मी माझ्या वाट्यातून दीड तोळ्याची बोरमाळ करायला टाकली आहे. पावती मुलीच्या नावाने घेतली आहे, आणि ती तिच्याच हातात देणार आहे, तिच्या आईच्या किंवा सासूच्या नाही. तिला हेही सांगणार आहे की अडीनडीला द्यावीशी वाटली तर दे, प्रेमाने दे, पण लिहून ठेव. आणि चौथा रकाना आखायला विसरू नकोस.

याने आत्याचं फिटत नाही. ते मला कळतं. मी यादीवर आमच्या नावापुढे ‘परत’ लिहायला पेन्सिल घेतली होती, पण लिहवलं नाही. ज्याचं त्याला मिळालं तरच परत म्हणतात.

कागद पुन्हा पेपरच्या घडीत ठेवलाय. भावांनो, बघायला या.